रिक्षा उभी राहिलेले दिवस : एका कर्करुग्ण आईच्या घराचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील सर्वांत विश्वसनीय कागद म्हणजे एक शंभर पानी वही आहे. रुग्णालयाची फाईल, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांची बिले यांच्यापेक्षा मला तिचाच अधिक उपयोग झाला. ती वही रुग्ण बाईंच्या पतीची आहे. ते पुण्यात रिक्षा चालवतात आणि दिवसभराचा धंदा, गॅसचा खर्च आणि हातात उरलेली रक्कम अशा तीन आकड्यांची एक ओळ रोज रात्री लिहून मगच झोपतात. डिसेंबर २०२३ पर्यंत या ओळी सलग आहेत. जानेवारी २०२४ पासून 'बंद' एवढा एकच शब्द असलेल्या ओळी मधूनमधून दिसू लागतात, आणि मार्चच्या पानावर तर निम्म्याहून अधिक ओळी तशाच आहेत.

मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते आणि फेब्रुवारी २०२४ पासून या कुटुंबाच्या संपर्कात आहे. घरातल्यांच्या संमतीने हे लिहीत असले तरी नावे दिलेली नाहीत. आम्ही एकमेकांना ज्या नात्याने हाक मारत आलो तीच नाती इथे ठेवली आहेत. रुग्ण बाई म्हणजे ताई, त्यांचे पती म्हणजे दादा, आणि मुलांना घरात थोरली व धाकटा असेच म्हणतात.

घर आणि त्याचा हिशेब

आजार उघड झाला तेव्हा ताई ४१ वर्षांच्या होत्या. भोसरी एमआयडीसीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या पॅकिंग विभागात त्यांना नऊ वर्षे झाली होती. पगार १८,४०० रुपये, त्यातले मूळ वेतन ११,५००; भविष्य निर्वाह निधीचे १,३८० आणि 'ईएसआय' या नावाने १३८ रुपये कापून हातात १६,८८२ रुपये येत. दादांना गॅस वजा जाता दिवसाला सरासरी ७०० रुपये सुटत, म्हणजे महिन्याचे २६ दिवस धरले तर १८,२०० रुपये. पस्तीस हजारांत विश्रांतवाडीतील दोन खोल्यांचे भाडे ७,५००, रिक्षाच्या कर्जाचा पतसंस्थेचा हप्ता ६,८००, दोन मुलांची शाळा, सासूबाईंची रक्तदाबाची औषधे, दोन हजारांची भिशी आणि किराणा एवढे बसवावे लागे, आणि ते बसत होते. हे गरीब घर नव्हते, ही गोष्ट मुद्दाम नोंदवते, कारण पुढे जे घडले त्यातले बरेचसे या एका वाक्यामुळेच घडले.

छातीतील गाठ ताईंना ऑगस्ट २०२३ मध्ये जाणवली होती. गणपती, मग नवरात्र, मग दिवाळीपूर्वीचा ओव्हरटाइम आणि पूर्ण हजेरीवर मिळणारा भत्ता, अशा क्रमाने डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलले गेले. डिसेंबरात कमरेचे दुखणे असह्य झाले, म्हणून त्या घराजवळच्या डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा कुठे गाठीची गोष्ट निघाली. बायोप्सी आणि पेट-स्कॅन झाल्यावर निदान झाले ते स्तनाचा कर्करोग, हाडांपर्यंत पसरलेला, चौथा टप्पा. हा कर्करोग संप्रेरकांवर वाढणाऱ्या प्रकारातला होता. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेपेक्षा रोजची लेट्रोझोलची गोळी, २१ दिवस घेऊन सात दिवस थांबायची पाल्बोसिक्लिबची गोळी, महिन्याचे एक इंजेक्शन आणि हाडांसाठी ठरावीक अंतराने सलाईन असा उपचार देतात. पाल्बोसिक्लिबचे भारतातील पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले आणि अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्याने तिची किंमत बरीच खाली आली. त्याच्या वर्षभर आधी निदान झाले असते तर कदाचित ही गोळी या घराच्या चर्चेतच आली नसती.

या उपचाराला शेवटची तारीख नसते. गोळ्या लागू पडत आहेत तोपर्यंत त्या घ्यायच्या आणि लागू पडेनाशा झाल्या की पुढच्या घ्यायच्या. नातेवाईकांना हे समजावणे सर्वांत अवघड गेले. ऑपरेशनला किती लागतील असे विचारत मंडळी आली, पाकिटे देऊन गेली, आणि ऑपरेशन नाहीच म्हटल्यावर काहींना तर आजार फारसा गंभीर नसावा असेही वाटले. ताईंचे शब्द माझ्या नोंदवहीत आहेत : "पैसे लागले की सांग, असं सगळे म्हणतात हो. पण ते दर महिन्याला कसं सांगायचं?"

पहिले दोन महिने

डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत या घराने १,१२,००० रुपये रोख खर्च केले. बायोप्सी आणि तिच्या पुढच्या तपासण्या १४,५००, मॅमोग्राफी, सोनोग्राफी व रक्त ६,२००, पेट-स्कॅन १६,०००, डॉक्टरांची फी ४,८००, पहिल्या महिन्याची औषधे १३,५०० आणि कमरेच्या हाडाला किरणोपचाराचा शेक देण्यासाठी एका खासगी रुग्णालयात पाच दिवस भरती झाल्याचे ५७,०००. हे पैसे उभे राहिले ते असे : भिशी चार हजारांचा तोटा सोसून आधीच उचलली, तिचे वीस हजार; मंगळसूत्र आणि दोन बांगड्या मिळून १४ ग्रॅम सोने तारण ठेवून साठ हजार; ताईंच्या भावाने दिलेले पंचवीस हजार; आणि घरातले सात हजार.

यातला फार मोठा भाग खर्चच करावा लागला नसता. कुटुंबाकडे केशरी रेशनकार्ड होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तेव्हा पिवळ्या आणि केशरी कार्डधारकांना वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत होते. १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा पाच लाख झाली आणि पांढरे कार्डही योजनेत आले. पण योजना चालते ती अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात, आणि नोंद व्हावी लागते ती उपचारांपूर्वी, तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या टेबलावर. भरून झालेले बिल मागाहून नेऊन उपयोग नसतो. ज्या रुग्णालयात ताई भरती झाल्या ते अंगीकृत नव्हते, आणि कमरेच्या वेदनांनी रात्रभर ओरडणाऱ्या बायकोला घेऊन निघालेला माणूस 'हे रुग्णालय अंगीकृत आहे का' असे दारात विचारत नाही.

दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख ऐंशी हजार आणि दुर्बल घटकांसाठी तीन लाख साठ हजार. दादांनी मार्चमध्ये तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढला. त्यावर ४,३९,२०० रुपये आले, आणि ते बरोबरच होते, कारण आदल्या वर्षी दोघांनी खरोखरच तेवढे कमावले होते. २०२४ या वर्षाचे घराचे प्रत्यक्ष उत्पन्न मात्र तीन लाखांच्या आत राहिले. म्हणजे जे घर आजारपणामुळे मर्यादेच्या खाली आले, ते मर्यादेच्या वर असल्याचा शिक्कामोर्तब झालेला कागद घेऊन दारोदार फिरत होते. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा असतो आणि आजार या वर्षाचा असतो. ही विसंगती मी अनेक प्रकरणांत पाहिली आहे, पण एवढ्या स्वच्छ आकड्यांत क्वचितच.

एकशे अडतीस रुपये

ताई माझ्यासमोर प्रथम बसल्या तेव्हा मी पगाराची चिठ्ठी मागितली. ती पिशवीत नव्हती. पण पिशवीत एक घडी घातलेला कागद होता, तो त्यांनी चुकून माझ्या हातात दिला. तो राजीनामा होता. विभागातील एका साहेबांनी आपुलकीच्या सुरात सुचवले होते, की आता काम होणार नाही, तेव्हा राजीनामा द्या, फंड आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब लगेच करून देतो, उपचाराला उपयोगी पडेल. ग्रॅच्युइटीचे नऊ वर्षांचे साधारण साठ हजार होत होते. ताईंना तो सल्ला पटला होता, आणि त्यांना दोष देता येत नाही. साठ हजारांत सोने सुटत होते.

दुसऱ्या दिवशी दादा चिठ्ठी घेऊन आले. तिच्यावर दरमहा कापल्या जाणाऱ्या त्या १३८ रुपयांचा अर्थ घरात कोणालाच ठाऊक नव्हता. 'काहीतरी सरकारी कापतात' एवढीच समजूत होती. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजेच 'ईएसआय'मध्ये, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार येतो. कामगाराकडून वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते, म्हणजे ताईंच्या नावावर दरमहा १३८ अधिक ५९८ असे ७३६ रुपये जमा होत होते. त्याच्या बदल्यात कामगाराला व कुटुंबाला उपचार मिळतात हे पुष्कळांना निदान ऐकून माहीत असते. आजारपणातले वेतन मात्र फारच थोड्यांना माहीत असते. साध्या आजारपणात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. आणि कर्करोगासह ठरावीक दीर्घकालीन आजारांत, नोकरी सलग दोन वर्षांची व वर्गणी पुरेशी असेल, तर त्यानंतर ८० टक्के दराने, एकूण दोन वर्षांपर्यंत ती पुढे चालू राहू शकते. शिवाय कामगार हा लाभ घेत असताना मालकाला त्याला कामावरून काढता येत नाही, असे १९४८ च्या कायद्याच्या ७३ व्या कलमात म्हटलेले होते. म्हणजे नोकरी शाबूत ठेवून रजेवर राहणे हाच ताईंचा सर्वांत मोठा विमा होता, आणि तो सोडून देण्याचा कागद लिहून तयार होता.

राजीनामा फाडला नाही. तो मी फाईलला लावून ठेवला आहे. कंपनीकडे त्याऐवजी वैद्यकीय प्रमाणपत्र गेले. आजारपणाची नोंद १२ फेब्रुवारी २०२४ पासून झाली. त्याआधीचा एक महिना साठलेल्या भरपगारी रजेत आणि मग बिनपगारी गेला. पहिली रक्कम खात्यावर यायला उशीर झाला, कारण विम्याच्या नोंदीत ताईंच्या नावापुढे वडिलांचे नाव होते आणि बँकेत नवऱ्याचे. लग्नानंतर आपल्याकडे बाईचे मधले नाव आणि आडनाव बदलते, तेव्हा ते किती ठिकाणी बदलायचे राहिले आहे याचा शोध आजारपणातच लागतो.

उपचारही याच विमा योजनेतून सुरू झाले, आणि मार्चनंतर औषधांवरचा या घराचा स्वतःचा खर्च जवळजवळ थांबला. मे महिन्यात एकदा दुसरे मत घ्यायला दोघे मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला जाऊन आले. पहाटेच्या सिंहगड एक्सप्रेसने जाताना कर्करुग्ण आणि सोबतचा एक माणूस यांना दुसऱ्या वर्गाच्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. तिथल्या डॉक्टरांनी चालू उपचारच योग्य ठरवले आणि ते पुण्यातच घ्यावेत असे सांगितले. प्रवास स्वस्तात झाला, मत मोलाचे मिळाले, आणि दादांच्या वहीत दोन दिवस 'बंद' लागले.

वहीचे वाचन

इथपर्यंतचे प्रकरण माझ्या दृष्टीने यशस्वी होते, आणि मी माझ्या मासिक अहवालात तसे लिहिलेही. उपचार मोफत, पगाराची बरीचशी भरपाई, नोकरी शाबूत. तरीही जूनमध्ये घरभेटीला गेले तेव्हा पतसंस्थेचे तीन हप्ते थकलेले होते, भाडे दोन महिन्यांचे राहिले होते आणि धाकट्याच्या शाळेने फीसाठी निरोप धाडला होता. पैसा जातो कुठे हे दोघांनाही सांगता येईना. तेव्हा दादांनी ती वही पुढे केली आणि आम्ही तिघांनी बसून जानेवारी ते जून अशी सहा महिन्यांची पाने मोजली.

पूर्ण दिवस 'बंद' असे ७१. त्यांतले ३९ रुग्णालयाचे, १८ कागदपत्रांचे आणि १४ दिवस असे की कमरेमुळे ताईंना उठवत-बसवत नव्हते, मुले शाळेत, सासूबाईंना झेपत नाही, म्हणून दादा घरी थांबलेले. शिवाय अर्धा दिवस रिक्षा चालवलेले ३१. सातशेच्या हिशेबाने पूर्ण दिवसांचे ४९,७०० आणि अर्ध्या दिवसांचे १०,८५० मिळून ६०,५५० रुपये, म्हणजे महिन्याला दहा हजार. याउलट, ८० टक्के दर लागू झाल्यावर ताईंना महिन्याला सुमारे १४,७०० रुपये मिळू लागले. त्यांचा आधी हातात येणारा पगार १६,८८२ होता. म्हणजे जी बाई एकही दिवस कामावर जात नव्हती तिच्या उत्पन्नातली तूट दोन-सव्वादोन हजारांची होती, आणि जो माणूस धडधाकट होता त्याच्या उत्पन्नातली तूट दहा हजारांची.

हा आकडा मी तीनदा पडताळून पाहिला. माझ्या कामाच्या नमुना अर्जात रुग्णाचे उत्पन्न, रुग्णाचा खर्च, रुग्णाची कर्जे असे रकाने आहेत. सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज लिहायला रकानाच नाही. तो कुठल्याच योजनेच्या अर्जात माझ्या पाहण्यात आलेला नाही. मासिक पगारावर असलेला नवरा निदान रजा टाकतो. हातावर पोट असलेला माणूस बायकोला रुग्णालयात नेतो तेव्हा त्याची त्या दिवसाची कमाई शून्य असते, आणि हप्ता मात्र त्या दिवसाचाही चालूच असतो. कागदांसाठी रिक्षा उभी राहिली ते अठरा दिवस म्हणजे १२,६०० रुपये. ७० टक्के दराने ताईंना मिळणारा महिन्याचा लाभ जवळजवळ तेवढाच होता. त्या अठरांतले निदान सात खेटे मी पाठवलेले होते. एक झेरॉक्स राहिली, एक सही दुसऱ्या टेबलावरची निघाली, असे म्हणत मी त्यांना "उद्या या" असे किती सहज सांगितले होते, ते वहीत तारीखवार होते.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. रक्ततपासणी, डॉक्टरांची भेट आणि इंजेक्शन एकाच दिवशी बसवून देण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. महिन्याच्या पाच-सहा खेपा तीनवर आल्या. शेजारच्या काकू औषधे आणायला जाऊ लागल्या. पतसंस्थेत दादा आधी जायलाच तयार नव्हते, कारण कर्जाला त्यांचा मित्र जामीन होता आणि आजाराची बातमी त्याच्या कानी जाईल याची त्यांना लाज वाटत होती. शेवटी आम्ही दोघे मिळून गेलो, आणि चार महिने फक्त व्याज भरण्याची मुभा मिळाली. लोकवर्गणीचा पर्याय मी सुचवला होता. त्यासाठी मुलांसह फोटो लागेल म्हटल्यावर ताईंनी एका शब्दात नकार दिला. धाकट्याच्या वर्गातल्या आया तो पाहतील, एवढेच कारण त्यांनी दिले, आणि ते मला पुरेसे वाटले.

दादांनी स्वतःहून काढलेला मार्ग मात्र महागात पडला. दिवसा बुडालेला धंदा भरून काढण्यासाठी ते रात्री स्टेशनवर रिक्षा लावू लागले. पुण्यात सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये असा दर होता, आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत त्यावर पाव पट अधिक मिळत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहाटे नाशिक फाट्याजवळ त्यांचा डोळा लागला आणि रिक्षा दुभाजकाला घासली. कोणाला इजा झाली नाही. विमा तृतीय पक्षाचाच असल्याने दुरुस्तीचे नऊ हजार घरातून गेले आणि वहीत आणखी अकरा दिवस 'बंद' लागले.

माझा चुकलेला सल्ला

मार्च २०२४ मध्ये ताईंनी मला विचारले होते, की नोकरी न सोडता फंडातले थोडे पैसे काढता येतील का. येत होते. कर्करोगाच्या उपचारासाठी सदस्याला स्वतःच्या वाट्यातून, सहा महिन्यांच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या मर्यादेत, तेव्हा अग्रिम म्हणजे आगाऊ रक्कम मिळत होती आणि तिला किमान सेवेची अट नव्हती. ताईंच्या बाबतीत ही मर्यादा ६९,००० होती. मी त्यांना म्हटले, सध्या हात लावू नका, तो मुलांसाठी राहू द्या. हे वाक्य बोलताना मला ते शहाणपणाचे वाटले होते.

जूनमध्ये थोरलीच्या अकरावीच्या प्रवेशाला आणि थकलेल्या हप्त्यांना दादांनी एका ओळखीच्या माणसाकडून पन्नास हजार घेतले, शेकडा तीन दराने. शेकडा तीन हे ऐकायला लहान वाटते. ते महिन्याचे असते, वर्षाचे छत्तीस टक्के होतात. फंडातल्या पैशांवर त्या आर्थिक वर्षी ८.२५ टक्के व्याज मिळत होते. म्हणजे सव्वाआठ टक्क्यांवर ठेवलेल्या स्वतःच्या पैशाला हात न लावता हे घर छत्तीस टक्क्यांनी दुसऱ्याचा पैसा वापरत होते, आणि तेही माझ्या सांगण्यावरून. देणाऱ्याकडे सावकारीचा परवाना नव्हता. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने तो लागतो. पण तक्रारीचा विषय काढताच दादांनी हात जोडले, कारण अडीनडीला धावून येणारा तोच एक माणूस होता.

मला हे सप्टेंबरात कळले. ऑक्टोबरात फंडाचा अर्ज केला, ६२,००० आले, मुद्दल फिटली आणि उरलेले बारा हजार पतसंस्थेत गेले. तोवर व्याजाचे सहा हजार देऊन झाले होते. मुलांसाठी राखून ठेवायचे या विचारात चूक नाही; पण राखण्यासाठी घराबाहेर काय दराने पैसा उचलला जात आहे हे न विचारता तो सल्ला देणे चूक होते. आता मी पहिल्याच भेटीत कर्जाचा दर विचारते, आणि बायको समोर नसताना नवऱ्याला व नवरा समोर नसताना बायकोला, असा दोनदा विचारते.

थोरली

थोरली मार्च २०२४ मध्ये दहावीला बसली. निकाल २७ मे रोजी लागला, तिला ७८ टक्के मिळाले. विज्ञान शाखेला घरापासून दूरच्या महाविद्यालयात प्रवेश मिळत असताना तिने वाणिज्य शाखेचे, दहा मिनिटांवरचे महाविद्यालय निवडले. हिशेब आवडतात म्हणून, असे तिने आईला सांगितले.

जूनपासून वहीतले अक्षर बदललेले आहे. दादा रात्री उशिरा येऊ लागल्याने आकडे तोंडी सांगत आणि थोरली लिहीत असे. तिने एक चौथा रकाना वाढवला : आईच्या गोळ्या किती उरल्या. ऑगस्टच्या एका ओळीत 'क्लास परत – ६,०००' अशी नोंद आहे. तिने लावलेला क्लास स्वतःच बंद करून, भरलेल्या फीतले जेवढे मिळाले तेवढे परत आणले होते. घरात विचारले तेव्हा तिथे नीट शिकवत नाहीत म्हणाली. दादांनी ती ओळ त्या दिवशी वाचली नव्हती. मी वाचली, आणि त्यांना सांगावे की नाही याचा बराच काळ विचार केला. शेवटी थोरलीलाच विचारले. ती म्हणाली, "सांगू नका, पप्पा आणखी रात्रभर रिक्षा चालवतील." मी सांगितले नाही. या निर्णयाबाबत मी अजूनही निःशंक नाही. हा अभ्यास प्रसिद्ध करायला थोरली ऑक्टोबरमध्ये तयार झाली आणि तिने मला न कळवता त्याआधी स्वतःच वडिलांना ते सांगून टाकले, म्हणून इथे लिहिता आले.

पुढचा टप्पा आणि नामनिर्देशन

जानेवारी २०२५ मध्ये यकृतात गाठी दिसल्या आणि गोळ्या बदलून केमो सुरू झाली, दर आठवड्याला एक, अशा बारा. उपचार योजनेतून होते. पण बारा आठवडे म्हणजे निदान बारा दिवस 'बंद', हे आता घरात सर्वांना आधीच मोजता येत होते. एप्रिलनंतर पुढचा पर्याय ठरवताना डॉक्टरांनी सलाईन आणि घरी घ्यायची कॅपेसिटाबिनची गोळी असे दोन मार्ग समोर ठेवले, दोन्ही ताईंच्या स्थितीत योग्य होते. दादांनी विचारले, की यात यायचे किती वेळा. हा प्रश्न औषधाविषयीचा नाही असे समजून डॉक्टर आधी थोडे थांबले, मग त्यांनी हिशेब करून सांगितला. गोळी ठरली.

त्याच सुमारास आम्ही फंडाचे नामनिर्देशन पाहिले. नऊ वर्षांत तो रकाना कोरा होता. नोकरीत असताना सदस्याचा मृत्यू झाला तर फंडाशी जोडलेला विमा आणि पती व मुलांसाठीचे निवृत्तिवेतन यांचा विचार होतो, आणि त्यासाठी कुटुंबाची नोंद असली तर पुढची धावपळ वाचते. हे ताईंसमोर कसे बोलावे याची मी आठवडाभर तयारी केली होती. ती वाया गेली. ताईंनीच मोबाईल थोरलीच्या हातात दिला आणि भर म्हणाल्या. प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहायचा होता. ताईंनी थोरलीला चाळीस, धाकट्याला चाळीस आणि दादांना वीस सांगितले. दोन्ही मुले अल्पवयीन असल्याने पालक म्हणून दादांचे नाव लागले. दादा म्हणाले, माझे वीसही पोरांना दे. ताईंनी मान हलवली आणि रिक्षाचे टायर बदलायला लागतील, असे म्हणाल्या.

ऑक्टोबर २०२५ ची स्थिती

दिवाळीनंतरच्या भेटीत नोंदवलेली स्थिती अशी आहे. ताई गोळ्यांवर आहेत, घरातल्या घरात हिंडतात, हातापायांची कातडी सोलवटल्याने भांडी घासता येत नाहीत. सोने अजून तारणातच आहे. व्याज भरून दोनदा मुदत वाढवली. पतसंस्थेचा हप्ता पूर्ववत सुरू झाला असून एक थकलेला आहे. भावाचे पंचवीस हजार तसेच आहेत, त्यांनी मागितलेले नाहीत. भिशी संपली, नवी धरलेली नाही. ऑक्टोबरच्या पानावर 'बंद' चार वेळा आहे.

ईएसआयच्या आजारपणातल्या वेतनाची दोन वर्षांची मुदत फेब्रुवारी २०२६ च्या दुसऱ्या आठवड्यात संपते. त्यानंतर ताईंच्या नावाने महिन्याला येणारे चौदा हजार सातशे बंद होतील, आणि त्यांच्या जागी काय येईल याचे उत्तर माझ्या फाईलमध्ये नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तो आठवडा ताईंनी लाल पेनाने गोल करून ठेवला आहे. थोरलीची बारावीची लेखी परीक्षाही त्याच आठवड्यात सुरू होते. त्या दिवसांत गोळ्यांची तपासणीची खेप येऊ नये म्हणून भेटीची तारीख आताच पुढे सरकवून द्याल का, एवढेच त्यांनी मला निघताना विचारले.